निकालाचा टक्का आणि नंदगडचा वड

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात पेढ्यांबरोबर एक यादीही फिरते. राज्यातल्या शैक्षणिक जिल्ह्यांत बेळगाव कितवे आले, चिक्कोडी कितवे आले, याची. क्रमांक घसरला की जिल्ह्याने तालुक्याला विचारायचे, तालुक्याने शाळेला, आणि मुख्याध्यापकांनी विषयशिक्षकाला. मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. या उतरंडीची शेवटची पायरी आपण आहोत, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. माझ्याही खाली विद्यार्थी उभा होता, हे फार उशिरा ध्यानात आले.

आमच्याकडे दहावीची परीक्षा 625 गुणांची. तीत इतिहासाला स्वतंत्र घर नाही. समाजविज्ञानाच्या शंभर गुणांत इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन अशी सहा बिऱ्हाडे नांदतात. डिसेंबर उलटला की वर्गाची वाटणी होई : एका बाजूला हमखास पास होणारे, दुसऱ्या बाजूला काठावरचे. काठावरच्यांसाठी आम्ही 'पासिंग पॅकेज' बांधत असू. भारताचा नकाशा घोटून घ्यायचा, ठरावीक व्याख्या पाठ करून घ्यायच्या, नेहमी येणारे दहा-पंधरा प्रश्न गिरवायचे. इतिहासाचे धडे मोठे, नावे पुष्कळ, उत्तरे लांब. म्हणून त्यातले बरेचसे सोडून द्या, असे सांगायचे. इतिहासाचा शिक्षक मीच आणि इतिहास सोडा म्हणणाराही मीच!

एका वर्षी खानापूर तालुक्यातला एक मुलगा असाच काठावर होता. गणितात कच्चा, अक्षर वाईट. संगोळ्ळी रायण्णाचा धडा चालला होता. 1824 चा कित्तूरचा लढा, राणी चन्नम्मा, पुढे रायण्णाचे बंड, आणि 1831 मध्ये नंदगडला त्याला दिलेली फाशी. या मुलाचे आजोळ नंदगडचे. रायण्णाच्या समाधीजवळच्या वडाखाली तो खेळलेला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, रायण्णाला धरून देणारी माणसंही इथलीच होती ना? मग त्यांनी तसं का केलं?"

इतिहासाच्या शिक्षकाला वर्षातून एखादाच असा प्रश्न लाभतो. माणसे सत्तेला का फितूर होतात, वतनाचा लोभ किती आणि जिवाची भीती किती, 'आपला' आणि 'परका' या शब्दांचे अर्थ 1831 मध्ये काय होते आणि 1956 नंतर आमच्या या सीमाभागात ते कसे पालटले, असा तास-दोन तासांचा ऐवज त्या एका प्रश्नात होता. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "त्यावर प्रश्न येत नाही. तू बस. तुझं नाव यादीत आहे ना? तू इतिहासात डोकं घालू नकोस, ते तुला जमायचं नाही. नकाशा कर."

तो पास झाला. शाळेचा टक्का राहिला. गुणपत्रिका घेऊन तो भेटायला आला, तेव्हा पीयूसीला काय घ्यावे असे विचारू लागला. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "आर्ट्स घे, इतिहास घे." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "इतिहास मला जमत नाही म्हणून तुम्हीच सांगितलासा की, सर." त्याने कॉमर्स घेतले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी सांगितलेले त्याने खरे मानले होते, इतकेच.

हा रोग जुना आहे. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान निकालाशी जोडले. निरीक्षकाने यायचे, वाचन, लेखन आणि गणित यांत मुलांना तपासायचे, आणि जितकी मुले उतरतील तितके पैसे शाळेला द्यायचे. इतिहासाला पैसे नव्हते, तेव्हा पुष्कळ शाळांतून इतिहास मागे पडला. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होते. शिक्षण यांत्रिक होईल म्हणून त्यांनी या पद्धतीला विरोध केला. ही पद्धत आमच्या मुंबई इलाख्यातही आली, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. 1882 च्या हंटर आयोगासमोर तिची चिकित्सा झाली, आणि 1904 च्या कर्झनशाहीतल्या शैक्षणिक ठरावाने ती मोडीत काढली. अनुदानाचे ते कोष्टक गेले, पण टक्क्याचे भय गेले नाही.

त्याच इंग्लंडात 1992 पासून शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. तेथे चौदाव्या वर्षानंतर इतिहास ऐच्छिक असतो. तक्त्यात मान होता तो पाच विषयांत चांगली श्रेणी मिळवणाऱ्या मुलांच्या टक्केवारीला. मग काठावरच्या मुलांना सोप्या, पण तक्त्यात भारी भरणाऱ्या विषयांकडे वळवण्याचा मोह शाळांना झाला. 2010 मध्ये सरकारने 'इंग्लिश बॅकलॉरिएट' हे नवे माप आणले. त्यात इतिहास किंवा भूगोल यांपैकी एक विषय मोजला जाऊ लागला, आणि इतिहास घेणाऱ्यांची संख्या वाढली.

इतिहासाच्या शिक्षकाला याचा आनंद व्हायला हवा. मला तो निर्भेळ झाला नाही. काल ज्या मुलाला 'इतिहास तुझा नव्हे' म्हटले, त्याच्याच धाकट्या भावाला उद्या 'इतिहास घे' म्हणायचे. माप बदलले म्हणून सल्ला बदलला. मुलाची आवड, त्याची कुवत, त्याचा प्रश्न, यांची विचारपूस दोन्ही वेळा झाली नाही. विषय वाचला तरी अन्याय तोच राहिला.

मग मोजूच नये काय? असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे वर्गावर न फिरकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शेतमजुराच्या पोराला शिकवणी परवडत नाही. शाळेने आपल्या मुलाला काय दिले हे विचारण्यासाठी त्याच्या बापाच्या हाती निकालाखेरीज दुसरे साधन कोणते? आणि तो मुलगा नापास झाला असता तर त्याची शाळाच सुटली असती, हेही मी विसरत नाही. त्याला नकाशा गिरवायला लावला, याची मला खंत नाही.

खंत आहे ती एका वाक्याची. 'यंदा तुझे पास होणे तुलाही हवे आहे आणि शाळेलाही, म्हणून तूर्त हे बाजूला ठेव. तुझा प्रश्न मोलाचा आहे, परीक्षा झाली की बोलू', असे मला म्हणता आले असते. ते खरे होते. त्याऐवजी शाळेची गरज मी त्याच्या अंगचे वैगुण्य म्हणून त्याच्या पदरात टाकली.

म्हणून निवृत्तीनंतर मला सुचलेली कसोटी साधी आहे. मुलाला विषय घे किंवा सोड असे सांगताना त्यामागचे खरे कारण त्याच्या तोंडावर सांगता येते का? येत असेल तर सल्ला चुकला तरी तो त्याच्यासाठी दिलेला असतो. येत नसेल, तर तो सल्ला दुसऱ्याच कुणासाठी आहे असे समजावे. ज्या विषयात आपण मुलांना 'हे कुणी लिहिले आणि कशासाठी' असे विचारायला शिकवतो, त्या विषयाच्या शिक्षकाने तरी ही कसोटी टाळू नये.

गेल्या वर्षी नंदगडला जाणे झाले. वडाजवळ बराच वेळ बसलो. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून त्याला देणे लागतो.