गाडीचा सौदा आणि रजामंदी

पवित्र कुरआनच्या सूरह निसामधील २९ व्या आयतीत अल्लाह तआला श्रद्धावंतांना एकमेकांची संपत्ती गैरमार्गाने खाण्यापासून रोखतो आणि परस्परांच्या रजामंदीने होणारा व्यापार वैध ठरवतो. जुम्याच्या बयानात आपण ही आयत अनेकदा ऐकतो. तिचा कस मात्र बाजारात लागतो, आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबांसाठी घरानंतरचा सर्वांत मोठा बाजार म्हणजे नवी गाडी. आठ-दहा वर्षांची बचत घेऊन बाप शोरूममध्ये जातो, मुले आधीच गाडीत जाऊन बसलेली असतात, आणि समोर येणाऱ्या कागदावर जाहिरातीतल्या किमतीपेक्षा दीड लाख अधिक लिहिलेले असतात. या अधिकच्या रकमेपैकी किती हलाल आणि किती गैरमार्गाची?

वाचक बंधु-भगिनींनो, प्रथम एक गैरसमज दूर करू. विक्रेत्याने अधिक नफा घेतला म्हणजे त्याने हराम केले, असे शरीअत म्हणत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उरवा बारिकी (रजि.) यांना बकरी आणण्यासाठी एक दीनार दिला. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक बकरी एका दीनारला विकली, आणि बकरी व दीनार दोन्ही प्रेषितांसमोर ठेवले. प्रेषितांनी त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. ही घटना सहीह बुखारीत आहे. मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली, तीही प्रेषितांनी नाकारली. कारण त्यात कोणावर अन्याय होईल याचे त्यांना भय होते. म्हणून केवळ महाग विकले म्हणून विक्रेत्याला गुन्हेगार ठरवणे योग्य नाही. दोष शिरतो तो लपवाछपवीतून आणि सक्तीतून.

आता तो कागद पाहू. एक्स-शोरूम किमतीत कारखान्याची किंमत, जीएसटी, गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा धरलेला असतो. त्यावर आरटीओचा कर व नोंदणी, विमा आणि फास्टॅग येतात. गाडी दहा लाखांहून महाग असेल तर १ टक्का टीसीएसही येतो. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. इथपर्यंत तक्रारीचे कारण नाही. त्यानंतर मात्र ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची एक ओळ येते. गाडी आणली, पुसली, आवारात उभी केली, म्हणून काही हजार रुपये.

या ओळीविषयी आपल्या फुकहांनी आठशे वर्षांपूर्वीच विचार करून ठेवला आहे, हे वाचून नवल वाटेल. इमाम मरगीनानी (रह.) यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात मुराबहाचे, म्हणजे मूळ किंमत सांगून त्यावर नफा घेण्याच्या सौद्याचे, प्रकरण आहे. त्यात म्हटले आहे की माल वाहून आणण्याची मजुरी, कापड रंगवण्याची मजुरी असा खर्च विक्रेता मूळ किमतीत मिळवू शकतो. पण तेव्हा त्याने आपण माल इतक्याला विकत घेतला असे म्हणू नये, आपल्याला तो इतक्याला पडला असे म्हणावे. नाहीतर ते खोटे होईल. एका क्रियापदाचाही हिशेब! गोदामाचे भाडे मात्र या किमतीत मिळवता येत नाही. आणि मूळ किंमत खोटी सांगितल्याचे पुढे उघड झाले तर इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ग्राहकाला सौदा रद्द करण्याचा अधिकार मिळतो.

शोरूमचा प्रत्येक सौदा मुराबहा नसतो, हे खरे. विक्रेता मूळ किंमत न सांगता एकच ठोक किंमत सांगू शकतो. परंतु तो जेव्हा जाहीर किंमत दाखवून ग्राहकाला बोलावतो आणि तिच्यात आधीच मोजलेला खर्च दुसऱ्या नावाने पुन्हा मागतो, तेव्हा त्या पैशाच्या बदल्यात काय दिले जात आहे, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. विचारा. सौम्य शब्दांत, पण विचारा. प्रत्येक रकमेची पावती मागा. आरटीओच्या पावतीवरील आकडा आणि तुमच्याकडून घेतलेला आकडा जुळतो का, हे पाहा.

विम्याचेही तसेच. कायद्याने नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो शोरूमने सुचवलेल्याच कंपनीकडून घ्यावा, अशी सक्ती मात्र कायदा करत नाही. बाहेरून दर मागवले तर फरक लगेच दिसतो. (विमा आणि कर्जावरील व्याज यांचे शरई हुकूम हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर आपल्या मुफ्तींशी बोलावे.) सीट कव्हर आणि मॅट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असे सांगितले, आणि चार महिने थांबलेल्या माणसाने नाइलाजाने मान डोलावली, तर त्या मान डोलावण्याला रजामंदी कसे म्हणावे?

मागणी जास्त असलेल्या गाड्यांवर लवकर ताबा देण्यासाठी वरचे पैसे रोखीने, पावतीविना मागितले जातात. यात दुहेरी दोष आहे. कंपनीशी केलेला करार मोडतो, आणि रांगेत आधी उभ्या असलेल्या माणसाचा हक्क जातो. पैसे देणाराही यातून सुटत नाही. काही जण तर गाडी हातात येण्यापूर्वीच आपले बुकिंग नफा घेऊन दुसऱ्याला विकतात. जे आपल्याजवळ नाही ते विकण्यास प्रेषितांनी हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना मनाई केली होती.

शोरूममध्ये नोकरी करणारी आपली मुले विचारतात, “हजरत, पगार थोडा, खरी कमाई अ‍ॅक्सेसरीज आणि विम्याच्या इन्सेन्टिव्हवर. ती हलाल आहे का?” बाळांनो, माल विकण्याचा मेहनताना हलाल आहे. ऐच्छिक वस्तू ‘आरटीओचा नियम आहे’ म्हणून गळ्यात बांधली असेल, तर तेवढ्या विक्रीची कमाई हलाल नाही. ज्याला असे फसवले त्याचा फोन क्रमांक तुमच्याकडे आहे. त्याला खरे सांगा, आपल्या हाती आलेले परत करा, माफी मागा. खरे बोलून तिथे टिकताच येत नसेल तर दुसरी नोकरी शोधा. मात्र ती मिळेपर्यंत घरच्यांना उपाशी ठेवून तडकाफडकी राजीनामा द्या, असे मी म्हणणार नाही.

आणि ग्राहक? हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरला. घोडा पाहून त्यांनी विक्रेत्याला स्वतःच सांगितले की याची किंमत अधिक आहे, आणि वाढवत वाढवत आठशे दिरहम दिले. कारण प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची बैअत त्यांनी प्रेषितांच्या हाती केली होती. आपण एवढी उंची गाठू शकणार नाही. घासाघीस जायज आहे, प्रेषितांनीही हजरत जाबिर (रजि.) यांच्या उंटाचा भाव ठरवला होता. पण दुसऱ्या शोरूमने न दिलेली सवलत दिली म्हणून सांगणे हे खोटेच. शिवाय जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देताना आपण स्वतः विक्रेते असतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी बाहेर काढला, तो भिजलेला भाग वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले. त्या गाडीला झालेला अपघात, बदललेला दरवाजा, पावसात पाणी शिरलेले इंजिन, हे सगळे किंमत ठरवायला आलेल्या माणसाने विचारण्यापूर्वी त्याला सांगा.