'स्मार्ट' म्हणजे काय?



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर चर्चमधील एक फुलदाणी फुटली. ज्याच्या हातून फुटली त्या मुलाने चटकन दुसऱ्याकडे बोट दाखवले. तो मुलगा बिचारा गप्प राहिला, बोलणी खाऊन घरी गेला. खरा प्रकार नंतर कळला तेव्हा आम्ही मोठी माणसे हसलो. कोणीतरी म्हणाले, "पोरगं भारी स्मार्ट आहे!" मीही मान डोलावली.

रात्री मात्र तो शब्द मनातून जाईना. 'स्मार्ट' आता आपल्या घरचाच शब्द झाला आहे. फोन स्मार्ट, टीव्ही स्मार्ट. २८ जानेवारी २०१६ रोजी स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या २० शहरांची यादी जाहीर झाली, तेव्हा आपले पुणे भुवनेश्वरच्या पाठोपाठ दुसरे आले, याचा आपल्याला केवढा अभिमान वाटला!

मी शब्दकोश उघडला. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता 'झोंबणारा, वेदना देणारा'. आजही डोळ्यांत साबण गेला की डोळे 'स्मार्ट' होतात, म्हणजे चुरचुरतात, असे इंग्रजीत म्हणतात. झोंबणाऱ्या फटक्यावरून चपळ, चपळावरून हुशार, मग टापटीप पोशाखाचा आणि शेवटी आपोआप चालणारे यंत्र, असे अर्थ बदलत गेले. वाटेत वेदना गळून पडली. मराठीतही हुशारीला टोक आहे. आपण तीक्ष्ण बुद्धी म्हणतो. कुशाग्र म्हणजे तर कुश गवताच्या टोकासारखी.

प्रश्न एवढाच, की हे टोक कोणाला टोचते? संत थॉमस अक्वायनस विवेकाला सद्गुण मानतात; पण हेतू चांगला असला तरी खोटा मार्ग धरणाऱ्या धूर्तपणाला ते विवेकाची नक्कल समजतात. धूर्ताची हुशारी दुसऱ्याला टोचते, विवेकी माणसाची आधी त्याला स्वतःला. प्रभू येशूनेही शिष्यांना सापाची चतुराई सांगितली, पण त्याच दमात कबुतराचा निष्कपटपणाही सांगितला.

पेंटेकॉस्टच्या दिवशी संत पेत्राचे बोल ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली. ते पळवाट शोधत बसले नाहीत; आता आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. त्या दिवशी सुमारे ३००० जणांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तसभेची सुरुवातच अशी टोचणीतून झाली.

पुढच्या रविवारी मी त्या गप्प राहिलेल्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "फादर, तुम्ही पण हसला होता." त्याचे ते वाक्य मला अजून झोंबते, आणि झोंबत राहावे अशीच माझी प्रार्थना आहे.

आज रात्री घरी रोझरी झाल्यावर आपणही स्वतःला विचारू या: ज्या हुशारीचे आपण मुलांना कौतुक करतो, तिची किंमत कोण मोजतो?

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
फादर