हुरडा चोळणारे हात



ख्रिस्तजन्माचा गोठा उतरवून झाला की आपल्या वऱ्हाडात हुरड्याचे वेध लागतात. या वर्षीही जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चाळीसेक जण, लेकराबाळांसह, दर्यापूर तालुक्यातील आपल्याच एका कुटुंबाच्या वावरात हुरडा खायला गेलो होतो. जे आले होते त्यांना तो दिवस आठवत असेलच. जे आले नव्हते त्यांच्यासाठी, आणि खरे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या मनाला लागलेल्या एका गोष्टीसाठी, हे लिहीत आहोत.

दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी खारे, ओलिताला निरुपयोगी. पावसाळ्यात मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीचे पीक काढायचे. एके काळी वऱ्हाडातल्या घरोघरची भाकर ज्वारीची होती. आता शिवारात पऱ्हाटी, सोयाबीन, तूर आणि हरभरा दिसतो. ज्वारी कुठे तरी एखाद्या तुकड्यात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ हे खास वाण दिले आहे, तरी पेरणारे हात कमीच. आमचे यजमान हसत म्हणाले, “साऱ्या शिवारात आमचीच जवारी, फादर, मंग साऱ्या शिवाराचे पाखरं आमच्याच वावरात!” एवढे असूनही त्यांनी तो तुकडा पेरला होता, कारण वडिलांच्या वेळेपासून पाहुण्यांना हुरडा खाऊ घालण्याची त्यांच्या घरची रीत आहे. हल्ली ठिकठिकाणी माणशी दर लावून हुरडा पार्ट्या होतात. आम्ही पैशांचे विचारले तेव्हा त्यांनी कानाला हात लावले.

बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. हुरडा काही रोज मिळत नाही. दाण्यात दूध भरून ते घट्ट होऊ लागते, पण दाणा अजून वाळलेला नसतो, असे मोजके दिवस असतात. ते गेले की उरते ती ज्वारी. कणसे निखाऱ्यात भाजायची, चटका बसत असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, की हिरवे लुसलुशीत दाणे ताटात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि वांग्याचे भरीत. आम्ही देवाचे आभार मानणारी प्रार्थना म्हटली, गाणी म्हटली आणि दोन तास यथेच्छ खाल्ले.

कणसे चोळायला दोन मजूर बाया होत्या, सासू आणि सून. आम्ही गोल करून बसलो होतो आणि त्या गोलाबाहेर, धुराच्या बाजूला. निघायच्या वेळी यजमानीणबाईंनी उरलेला हुरडा घरी न्यायला पिशव्यांत बांधून दिला. आमच्याही हातात एक पिशवी आली. तेव्हा कोणीतरी त्या म्हाताऱ्या मावशींना विचारले, “मावशी, तुम्ही खाल्ला का?” त्या म्हणाल्या, “तुमचं होऊ द्या आधी.” आमचे तर होऊन गेले होते. आगटीत राख होती.

बंधु-भगिनींनो, त्यानंतरच्या मंगळवारी मिस्साचे शुभवर्तमान वाचताना आमचा आवाज अडखळला. सामान्य काळाच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी आपण मार्ककृत शुभवर्तमानातील तो प्रसंग ऐकतो (मार्क २:२३-२८). शब्बाथवारी प्रभू येशू शेतातून चालले आहेत, शिष्य भुकेले आहेत आणि कणसे मोडत आहेत. परूशी रागावतात ते चोरीबद्दल नव्हे, शब्बाथ मोडल्याबद्दल. शेजाऱ्याच्या पिकातली कणसे हाताने तोडून खायला मोशेच्या नियमशास्त्राची मुभाच होती. मात्र पिकाला विळा लावायचा नाही. द्राक्षमळ्याबाबतही तसेच: पोटभर खा, पण टोपलीत भरून नेऊ नका (अनुवाद २३:२४-२५). म्हणजे भुकेला दार उघडे आणि हावेला बंद. आमच्या हातातली पिशवी आम्हाला तेव्हा आठवली.

संत लूक हाच प्रसंग सांगताना एक बारीक गोष्ट टिपतो: शिष्यांनी कणसे हातांवर चोळून खाल्ली (लूक ६:१). स्वतःच्या हातांवर. आमची कणसे दुसऱ्याच्या हातांवर चोळली गेली, आणि ते हात उपाशी राहिले.

जुन्या करारात बवाजच्या शेतावर रूथ सरवा वेचायला येते. ती विधवा आहे, परक्या देशाची आहे. जेवणाच्या वेळी बवाज तिला बोलावतो, कापणी करणाऱ्यांबरोबर बसवतो आणि भाजलेले दाणे स्वतः तिच्यापुढे करतो. ती पोटभर खाते आणि तिच्याजवळ उरतेही (रूथ २:१४). ते दाणे जवाचे असोत की गव्हाचे, आपल्या भाषेत तो हुरडाच! नव्या पिकाचे पहिले अर्पण देवाला केल्याशिवाय भाजलेले दाणेसुद्धा खाऊ नयेत, असा नियम होता (लेवीय २३:१४). आम्ही प्रार्थना म्हटली, म्हणजे देवाचा वाटा देऊन झाला असे आम्हाला वाटले. देव मात्र आपला वाटा घ्यायला धुराच्या बाजूला बसला होता.

ऋण हा शब्द आपल्या भागात जपूनच उच्चारावा लागतो. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आपले अमरावती आणि अकोला दोन्ही होते. त्या सहा जिल्ह्यांत कर्जापायी किती घरांचे कर्ते पुरुष गेले, हे आपण विसरू शकत नाही. ते ऋण फेडले नाही की वाढते आणि माणसाला गिळते. पण संत थॉमस अक्वायनस आणखी एका ऋणाविषयी सांगतो. ते कृतज्ञतेचे ऋण. ते प्रेमातून येते, म्हणून फेडत जावे तसे ते वाढतच जाते, आणि या वाढण्याने माणूस जगतो. यजमानांनी पैसे घेतले असते तर आमचा हिशेब तिथेच मिटला असता. त्यांनी घेतले नाहीत, म्हणून आम्ही ऋणी आहोत. त्यांचे ऋणी आहोत आणि त्या सासू-सुनेचेही.

पिशवीतला हुरडा दुसऱ्या दिवशी सकाळी वातड झाला होता. तो गरम असतानाच वाटायचा असतो, हे आम्हाला उशिरा कळले.

मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी पुरोहित भाकर उचलतो तेव्हा तिच्यात भूमीचे दान आणि माणसाचे कष्ट दोन्ही असतात. कष्ट करणाऱ्याला बाहेर ठेवून ती भाकर आपण कशी मोडणार? म्हणून दोन गोष्टी ठरवू या. येत्या रविवारी प्रत्येक घराने ओंजळभर ज्वारी अर्पणाच्या वेळी आणावी. ती त्या दोघींच्या घरी आम्ही स्वतः पोहोचवू. आणि पुढच्या वर्षी हुरड्याला जाऊ तेव्हा पहिली कणसे आपणच चोळू, पहिली ओंजळ त्यांच्या हातात देऊ, आणि गोल एवढा मोठा करू की धुराच्या बाजूला कोणी उरणार नाही.

प्रभू तुमच्या वावराला, तुमच्या घराला आणि तुमच्या हातांना आशीर्वाद देवो.

तुमचे,
धर्मगुरू