दैव पाचवं

ऊस पुरुषभर वाढला की आत चांदणं उतरत नाही. वर पौर्णिमा असली तरी सरीत काळोखच. आमच्याकडे वाळवे तालुक्यात रात्री दारं धरायला गेलेला माणूस वाकून फावड्यानं एका सरीचं तोंड बुजवतो, पुढच्या सरीचं मोडतो. पाणी टोकाला पोचलं का बघायला पाल्यातून चालत जातो. पाय कशावर पडतोय हे त्याला दर वेळी दिसतंच असं नाही. शेतीची वीज काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास, हा पाळीचा हिशोब वर्षानुवर्षं चालत आला आहे. जिथं सौर फीडर झाले तिथले लोक आता उन्हात पाणी पाजून रात्री झोपतात. आमच्या शिवारात तो दिवस अजून यायचा आहे.

अशा रात्री कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि माणूस गेला, की दारात जमलेल्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, 'त्याची दोरी तेवढीच होती.' मी हायस्कूलला मराठी-संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसते. दैव मानणाऱ्यांतलीच मी. म्हणूनच मला हे नीट समजून घ्यावंसं वाटतं, की हे वाक्य कुणी, कुणाबद्दल आणि कधी म्हणायचं.

माझे धाकटे दीर घोणस चावून गेले. खोडव्यात पाचट पसरलेलं होतं आणि पाचटाचा रंग व घोणशीचा रंग रात्री वेगळा काढणं डोळस माणसालाही कठीण. जाऊबाई कित्येक दिवस एकच बोलायच्या, 'मी त्यांना आज जाऊ नका म्हटलं असतं तर?' तेव्हा सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, 'बाई, दोरी तेवढीच हुती. तुझ्या हातात काय न्हवतं.' त्या बोलण्यानं माझी जाऊ जगली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे दैव म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. झालेल्या गोष्टीचं ओझं एकट्या माणसाच्या छातीवरून उतरवायला आपल्याकडे याहून मोठं साधन नाही.

पण त्याच पावसाळ्यात दिरांचा मुलगा बापाची बॅटरी घेऊन पाण्याला निघाला. दोन मोठ्या सेलची, पत्र्याची. मी ती त्याच्या हातून घेऊन खोलली. मागच्या झाकणातल्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर, एक सेल खालून फुगून पाझरलेला, बल्बमागची वाटी काळवंडलेली. बटण सरकवून चालायची नाही. तळहातावर एक थाप मारली की लागायची आणि चार पावलांवर विझायची. लागली तरी उजेड हळदीच्या पाण्यासारखा. तसल्या जुन्या बल्बात सेलची बहुतेक ताकद तार तापवण्यातच जाते, उजेडाच्या वाट्याला थोडीच येते, आणि सेल उतरत गेले की ती थोडीही पिवळी पडत जाते. त्यात बॅटरी धरायला एक हात लागतो आणि फावड्याला दोन. मग माणूस ती काखेत धरतो, नाहीतर बांधावर ठेवतो. म्हणजे उजेड बांधावर आणि पाय अंधारात.

मी म्हटलं, 'थांब, नवी आणू.' तर कट्ट्यावरून एक जण म्हणाले, 'आवो बाई, व्हायचं ते हुतंयच. बॅटरीनं काय टळतंय व्हय?'

वाक्य जवळजवळ तेच, पण सासूबाई मागं घडलेल्याबद्दल बोलत होत्या आणि हे गृहस्थ पुढं घडायच्याबद्दल. मागच्यासाठी जो आधार, तोच पुढच्यासाठी वापरला की पोरगं अंधारात जातं. शास्त्राचा असा अर्थ कुणी काढला असेल असं मला वाटेना, म्हणून मी गीतेचा अठरावा अध्याय पुन्हा काढून बसले.

चौदाव्या श्लोकात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. दैव आहे, भगवंतानं ते वगळलेलं नाही. पण ते पाचवं आहे. आधीची चार जागेवर नसताना पाचव्याला पुढं करणं हे गीतेच्या हिशोबात बसत नाही. करण म्हणजे साधन. भाष्यकार तिथं इंद्रियं धरतात, म्हणजे पाहण्यासाठी डोळा. आणि शंकराचार्यांच्या भाष्यात दैवाचा अर्थ वाचला तेव्हा मी पोथी मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले. ते म्हणतात, दैव म्हणजे डोळा वगैरे इंद्रियांना साह्य करणाऱ्या आदित्यादी देवता. ज्ञानोबाही याच वाटेनं जातात. डोळ्याचं दैव म्हणजे सूर्य. कपाळावरची रेघ हा अर्थ तिथं नाहीच. डोळा असून भागत नाही, त्याला उजेड द्यायला कुणीतरी लागतं, असा तो साधा आणि फार खोल विचार आहे. मग रात्री दोन वाजता उसात आदित्य कुठं असतो?

हाच प्रश्न जनकानं याज्ञवल्क्यांना विचारला होता. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात तो संवाद आहे. माणूस कुणाच्या उजेडानं बसतो, हिंडतो, काम करतो आणि घरी परत येतो, असं राजा विचारतो. सूर्याच्या, असं उत्तर येतं. सूर्य मावळला तर? चंद्राच्या. चंद्रही मावळला तर? अग्नीच्या. अग्नी विझला तर? वाणीच्या, कारण स्वतःचा हात दिसत नसला तरी जिथून आवाज येतो तिकडं माणूस जातो. आमच्या शिवारात अजूनही मोटरीपासचा माणूस आत गेलेल्याला हाळी देतो आणि आतून 'ओ' आली की त्याचा जीव भांड्यात पडतो. वाणीही थांबली तर? तेव्हा आत्मा हाच उजेड.

पारायणात आम्ही हा संवाद सांगतो तेव्हा पहिल्या चार पायऱ्या घाईनं उरकून आत्म्यावर जातो. याज्ञवल्क्यांनी तसं केलेलं नाही. राजानं विचारेपर्यंत ते पुढचा उजेड काढत नाहीत. सूर्य असेल तर सूर्य पुरे, अग्नी असेल तर अग्नी पुरे. आणि परत घरी येणं हे त्या प्रश्नातच आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जो परत आला नाही त्याला पुढच्या पायरीचं ज्ञान कोण देणार?

आणि परत न आलेले थोडे नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यातली, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. नुसती दोरी संपत असती तर ती खेडं आणि पावसाळा बघून संपली नसती. शेतकरी साप चावून गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. म्हणजे शासनाच्या लेखीही तो अपघात आहे.

नवी बॅटरी आणायची तर काय आणायची, यावरही मी बराच विचार केला, कारण पैसे मोजकेच. बाजारात दुकानदार लांब फेक दाखवतो, समोरच्या टाकीवर गोल पाडून दाखवतो. पण टाकीवर साप नसतो. दारं धरणाऱ्याला पायापुढच्या दहा-बारा फुटांत पसरणारा उजेड हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून डोक्याला पट्ट्यानं बांधायची एलईडी बॅटरी घेतली, साडेतीनशेच्या आत मिळाली. थोडा पिवळसर उजेड देणारी मुद्दाम मागून घेतली, कारण निळसर पांढऱ्या झोतात पाचट आणि माती एकाच राखाडी रंगाची दिसतात. जाड शिशाच्या बॅटऱ्या असलेल्या स्वस्त चार्जिंगच्या टॉर्च मी घेत नाही. चार महिने विना-चार्ज पडल्या की बसतात त्या बसतातच. लिथियमच्या लांबट सेलवर ९९०० एमएएच असा आकडा छापलेला असेल तर तो खोटा समजावा, त्या मापाच्या सेलला साडेतीन हजारांच्या आसपासच मर्यादा आहे. जुनी पत्र्याची बॅटरीही टाकली नाही. स्प्रिंग घासून काढली, तिच्यातच बसणारा एलईडी बल्ब टाकला. ती आता घरात असते, रात्री परड्यात जायला. हंगाम संपला की तिच्यातले सेल काढून ठेवायचे, म्हणजे पाझरत नाहीत. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि चावलंच तर मांत्रिक न करता थेट दवाखाना, हे तर आहेच.

इथवर घरचं झालं. पण आमच्या गावात पुष्कळ रानांत रात्री मालक जात नाही, गडी जातो. त्याला आपण जी बॅटरी देतो ती बहुतेक वेळा घरातली उतरलेली असते. त्याचं काही झालं आणि मालक म्हणाला, 'दैव त्याचं,' तर ते ऐकून घेणं मला जड जातं. स्वतःच्या जिवाबद्दल दैव म्हणायला माणूस मोकळा आहे, त्याला मी श्रद्धा म्हणेन. दुखावलेल्याला जवळ घेऊन म्हणता येतं, ती दया. पण ज्याला मी अंधारात पाठवलं त्याच्याबद्दल म्हटलं, तर ते माझ्यावरच्या कर्जाचा आकडा दुसऱ्याच्या खात्यावर मांडणं होतं.

यंदा सप्ताहाच्या बैठकीत मी म्हटलं, मांडवावरची माळांची रोषणाई निम्मी करू आणि उरलेल्या पैशांत डोक्याच्या बॅटऱ्या घेऊन देवळात ठेवू. रात्री पाण्याला जाईल त्यानं न्यायची, सकाळी आणून लावायची. वीणेकरी बाबा म्हणाले, 'देवाचा पैसा देवाच्या दिव्याला लागावा.' त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखंच होतं, म्हणून गाभाऱ्यातल्या नंदादीपाच्या तेलाला कुणी हात लावायचा नाही हे आधी लिहून घेतलं. मग ते तयार झाले, एका अटीवर, की बॅटरीवर देणगीदाराचं नाव घालायचं नाही. पुजाऱ्यांचा मुलगा आरतीनंतर त्या चार्जिंगला लावतो. त्यांतल्या दोन परत आलेल्या नाहीत आणि कमिटीत त्यावरून कुरकुर सुरू आहे, वही ठेवा, सही घ्या म्हणून. मी सांगितलं आहे की वही ठेवू नका. सही द्यावी लागली तर ज्याला सगळ्यांत जास्त गरज आहे तोच पायरी चढायचा नाही. त्या दोन ज्याच्या घरी असतील तो रात्री रानात जाणाराच असणार. पुढच्या वर्गणीत दोन जास्त घेऊ.