घेणारा हात आणि मोकळी जीभ

सरकार फुकट धान्य देते, दरमहा पैसे देते. याने माणूस मिंधा होतो की काय, हा वाद हल्ली पारावर हमखास निघतो. एक म्हणतो, लोक ऐतखाऊ झाले. दुसरा म्हणतो, गरिबाच्या घासावर तुमचा डोळा का? आम्ही म्हणतो, बाबांनो, सगळे घेणे एका मापाने मोजू नका.

१९७२ च्या दुष्काळात आमची माणसे सरकारी कामावर गेली. उन्हात खडी फोडली, माती वाहिली आणि मजुरी घेतली. त्या कामाची कल्पना वि. स. पागे यांची, १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूरला ती प्रथम करून पाहिली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने व्यवसाय कर भरला आणि खेड्यातल्या मजुराची चूल पेटली. घाम गाळून घेतलेली मजुरी ही भीक नव्हे, तो हक्क.

आता ज्याला घामच गाळता येत नाही त्याचे काय? पुंडलिकाने आईबापांची सेवा केली. ज्या म्हाताऱ्याला पुंडलिक नाही, त्याचा पुंडलिक राज्याने व्हावे. निराधार बाईने अनुदान घेताना मान खाली घालू नये. मान खाली घालावी ती तिला हेलपाटे घालायला लावणाराने.

मग वाईट ते काय? देणे मताला बांधले की वाईट. २०२४ साली बहिणींना दीड हजार मिळू लागले. माउलीच्या हाती स्वतःचा पैसा आला, हे चांगलेच झाले. पण निवडणूक येताच एक पक्ष एकवीसशे म्हणू लागला, दुसरा तीन हजार. हा भाऊबीजेचा ओवाळा की बाजारातला लिलाव?

आणि दुसऱ्याचे काय सांगावे! त्याच वर्षी दिंडीमागे वीस हजारांचे अनुदान जाहीर झाले. वाटेवर पाणी, दवाखाना, शौचकूप सरकारने जरूर करावे. ते साऱ्या जनांचे आहे. पण दिंडीची पंगत वारकऱ्याच्या भिशीवर आणि गावकऱ्यांच्या अन्नदानावर उठत आली, तशीच उठावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण रात्री कीर्तनकाराला उभे राहून राजालाही चार खडे बोल सुनवायचे असतात. सकाळी ज्याच्याकडून पाकीट घेतले, त्याला ते कसे सुनवणार?

म्हणून घेण्यापूर्वी प्रत्येकाने मनाला दोन गोष्टी विचाराव्या. हे घेतल्यावर माझी जीभ मोकळी राहील ना? आणि दुसऱ्याला देण्यासाठी माझा हात उठेल ना? दोन्हींना मन ‘होय’ म्हणाले, तर खुशाल घ्यावे.

रामकृष्णहरि.