दुधातील अनृत

हिंसा केवळ शस्त्राने घडते, असे नव्हे. मिथ्या व्यवहारानेही ती घडते. चीन देशाचे उदाहरण येथे साधकांनी चिंतनीय मानावे. १९७८ नंतर त्या राष्ट्राने उद्योगबळावर विलक्षण उत्कर्ष साधला. परंतु २००८ मध्ये तेथील तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत मेलामाइन हे रसायन आढळले. दुधात पाणी मिसळले की प्रथिने उणी पडतात. परीक्षणात मात्र प्रथिने प्रत्यक्ष न मोजता नायट्रोजन मोजला जाई, आणि तो मेलामाइनमध्ये विपुल असतो. ही विद्या म्हणावी की अविद्या, ते सुज्ञांनी ठरवावे. सहा बालके दगावली. सुमारे तीन लक्ष आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडांत खडे झाले.

सानलू ही बलाढ्य कंपनी दिवाळ्यात निघाली. २००९ मध्ये दोघांना देहदंड झाला. दंड देऊन राज्य मोकळे झाले, मातांचे चित्त मात्र स्वदेशीच्या दुधावरून उठले ते उठलेच. परदेशी भुकटीसाठी लोक हाँगकाँगला धावू लागले. तेथील बाळांनाच दूध पुरेना, तेव्हा १ मार्च २०१३ पासून तेथील शासनाने दोन डब्यांहून अधिक भुकटी बाहेर नेण्यास मनाई केली.

एकाचे कर्म दुसऱ्याने भोगावे, असे शास्त्र सांगत नाही. बाजार हा विवेक करीत नाही. ज्या गोपालकांनी दुधात पाण्याचा थेंबही घातला नव्हता, त्यांच्याही दुधाला २००८ च्या त्या दिवसांत गिऱ्हाईक उरले नाही, आणि ते त्यांना भूमीवर ओतावे लागले.