मालिका कोणाची, पैसा कोणाचा?



चांगली गोष्ट सांगावयास पैसा लागतो, हे कोणी नाकारीत नाही. परंतु पैसा देणाऱ्याचा त्या गोष्टीवर काही हक्क निर्माण होतो काय, हे आपण सहसा विचारीत नाही.

आपल्या देशात दूरदर्शन १९५९ साली दिल्लीत सुरू झाले आणि १९७६ पर्यंत जाहिरातींवाचून चालले. पुढे ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही मालिका आली. मेक्सिकोत मिगेल सबिदो यांनी मालिकांतून लोकशिक्षण केले होते. तोच धडा येथे गिरवून कुटुंबनियोजन व स्त्रीची प्रतिष्ठा हे विषय घराघरांत न्यावेत, असा हेतू होता. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे. खर्च मात्र एका खाद्यपदार्थ कंपनीने उचलला व मोबदल्यात जाहिरातीची वेळ घेतली. तिची मॅगी नूडल्स, म्हणजे परदेशी थाटाच्या शेवयाच म्हणा, बाजारात तेव्हा नवी होती.

कुटुंबनियोजनाचा उपदेश लोकांना रुचेना. पहिल्या तेरा भागांनंतर तो पातळ करण्यात आला व घरातील रुसवेफुगवे, लग्ने, काळज्या पुढे आल्या. मग मालिका अशी रंगली की १९८५ च्या डिसेंबरापर्यंत चालली. मॅगीही घरोघर पोहोचली. तिचे सारे यश मालिकेच्या पदरात टाकणे बरोबर नाही. पदार्थ झटपट होणारा होता व मुलांना आवडला. तरी हा सौदा पाहून इतर उद्योगही प्रायोजक म्हणून पुढे आले, हे खरे.

आता भागवंतीकडे पाहा. नवऱ्याचा जाच मुकाट्याने सोसणारी ही आई, असे जगू नये हे दाखविण्यासाठी निर्माण केलेली. पण अभ्यासकांना आढळले की कित्येक प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, तीच आदर्श वाटली! बोध उलटा पोहोचला, माल मात्र बिनचूक पोहोचला. यात नवल नाही. माल एवढेच मागतो की मला विकत घ्या. बोध माणसाला बदलावयास सांगतो. शिवाय आवडत्या माणसांच्या सोबतीने जो वारंवार घरात येतो, त्याच्याविषयी संशय कोण धरील?

मी कंपनीला दोष देत नाही. ती व्यापारास आली होती आणि ते तिने लपविलेही नाही. उपदेश पातळ झाला तो प्रेक्षकांच्या नाराजीमुळे. परंतु जेथे पाहणाऱ्यांच्या संख्येवर पैसा येतो, तेथे नाराज करणारे बोलणे किती दिवस टिकणार? प्रायोजक लिहिलेले खोडील ही भीती लहान आहे. प्रेक्षक उठून जातील असे काही लेखक मुळात लिहीतच नाही, ते मला अधिक घातक वाटते.

मग सरकारी पैसा शुद्ध, असे म्हणावे काय? तेथेही कोणाची तरी मर्जी असतेच. आणि कंपनी नसती तर सामान्य घरातील मुलींच्या आशाआकांक्षांची ती कथा इतक्या घरांत गेलीही नसती. म्हणून प्रायोजक नको, असे मी म्हणणार नाही. मात्र पहिल्या तेरा भागांत जे सांगावयाचे होते, ते पुढे कोणाच्या खर्चाने सांगावयाचे, हा प्रश्न उरतोच.